विजेचे झटके : बंदीची मागणी आणि रुग्णाचा हक्क

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेले व्याख्यान)



मनोरुग्णाला दिल्या जाणाऱ्या विजेच्या झटक्यांचा विषय निघाला की पुरोगामी माणसाचे मत बहुधा आधीच ठरलेले असते. डोळ्यांपुढे येते ती लोखंडी खाट, हातपाय दाबून धरणारे परिचारक आणि ज्याला काही विचारावे असे कोणालाच वाटलेले नाही असा एक असहाय माणूस. १९७५ साली आलेल्या ‘वन फ्लू ओव्हर द ककूज नेस्ट’ या चित्रपटाने हेच चित्र जगभर पोहोचवले. त्यातून सहज निघणारी मागणी अशी की, हा प्रकार कायद्याने बंद करा. ही मागणी करुणेपोटी आलेली आहे यात शंका नाही. परंतु करुणेलाही हिशेब चुकत नाही. बंदीची किंमत अखेरीस कोणाला मोजावी लागते, हे पाहिल्याशिवाय समाजवादी कार्यकर्त्याने या मागणीवर सही करू नये.

या उपचाराचा जन्म इटलीतला. मेंदूत आक्षेप, म्हणजे फिट, घडवून आणल्यास काही मानसिक आजार ओसरतात, असे बुडापेस्टच्या लाडिस्लास मेडुना यांना आढळले होते. १९३४ मध्ये त्यांनी त्यासाठी कापराचे इंजेक्शन वापरले. रोममधील उगो चेर्लेत्ती आणि लुचो बिनी यांनी १९३८ मध्ये तेच काम विजेने केले. कत्तलखान्यात डुकरांना विजेने बेशुद्ध करतात, पण त्या धक्क्याने ती मरत नाहीत, हे चेर्लेत्तींनी पाहिले होते. त्यांचा पहिला रुग्ण रोमच्या रेल्वे स्थानकावर भरकटताना पोलिसांना सापडलेला एक माणूस होता. त्याच्या संमतीचा प्रश्न कोणाच्या मनातही आला नाही. तो सुधारून घरी गेला. पुढे त्याचा आजार पुन्हा उलटला. संमतीचा अभाव, दिसून आलेला गुण आणि उलटलेला आजार! या उपचाराभोवतीचे पुढचे बहुतेक वाद त्या एका माणसाच्या कहाणीत सामावलेले आहेत.

यातील गुणाचा भाग प्रथम पाहू. येथे काम करतो तो विजेपेक्षा तिने घडवलेला आक्षेप. काही सेकंदांचा प्रवाह, त्यानंतर अर्ध्या-एक मिनिटाचा आक्षेप; आठवड्यातून दोन-तीन वेळा आणि एकूण सहा ते बारा वेळा, असा साधारण क्रम असतो. यातून मेंदूत नेमके काय बदलते, याचा पूर्ण उलगडा शास्त्राला झालेला नाही. परिणामांची मोजदाद मात्र झालेली आहे. १९७० आणि १९८० च्या दशकांत ब्रिटनमध्ये काही रुग्णांना भूल देऊन खरे झटके दिले गेले, तर काहींना नुसतीच भूल दिली गेली. अशा सहा चाचण्यांतील २५६ रुग्णांचा एकत्रित आढावा २००३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अल्प काळात तरी खऱ्या झटक्यांचा गुण निश्चितपणे अधिक होता. औषधांशी तुलना करणाऱ्या अठरा चाचण्यांतही झटके सरस ठरले. ज्या रुग्णाने अन्नपाणी सोडले आहे, जो दगडासारखा निश्चल पडून आहे किंवा ज्याच्या मनात मरणाखेरीज दुसरा विचार नाही, त्याच्या बाबतीत हा फरक जगण्या-मरण्याचा असतो.

टीकाकारांचे म्हणणेही तितक्याच गांभीर्याने ऐकले पाहिजे. जॉन रीड, अर्व्हिंग कर्श आदी संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवून दिले की, लटक्या उपचाराशी तुलना करणाऱ्या चाचण्या थोड्या आहेत, लहान आहेत आणि १९८५ नंतर तशी एकही झालेली नाही. गुण टिकतो का, हाही प्रश्न आहे. अमेरिकेत २००१ साली प्रसिद्ध झालेल्या हॅरोल्ड सॅकाइम यांच्या अभ्यासात, झटक्यांनी बऱ्या झालेल्या ज्या रुग्णांना नंतर निव्वळ निष्क्रिय गोळ्या मिळाल्या, त्यांतील ८४ टक्के सहा महिन्यांच्या आत पुन्हा आजारी पडले. दोन औषधे एकत्र मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्क्यांवर आले. तात्पर्य असे की, झटके देऊन रुग्णाला दाराबाहेर सोडणे हा अर्धाच उपचार होय. २०२३ मध्ये केटामाइन हे औषध, भ्रमाची लक्षणे नसलेल्या रुग्णांत, झटक्यांपेक्षा कमी पडत नाही असे एका मोठ्या अमेरिकी चाचणीत दिसले. तेव्हा हा शास्त्राचा शेवटचा शब्दही नव्हे.

दुसरा हिशेब स्मृतीचा. झटक्यांच्या आसपासच्या काळातील आठवणी पुसट होतात, आणि काहींच्या कायमच्या जातात. डॉक्टरांच्या चाचण्यांत हे नुकसान दीर्घकाळ किरकोळ ठरत आले, कारण त्या चाचण्या नवे शब्द लक्षात राहतात का एवढेच मुख्यतः पाहत. मुलीचे लग्न आठवते का, हे विचारत नसत. २००३ साली ब्रिटनमध्ये डायना रोझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांच्याच साक्षी एकत्र तपासल्या, तेव्हा किमान एक तृतीयांश रुग्णांनी टिकून राहिलेल्या विस्मरणाची तक्रार केल्याचे आढळले. काय मोजायचे हे ठरवण्याचा अधिकार ज्याच्या हाती असतो, त्याच्या सोयीचे निष्कर्ष निघतात, हा अनुभव राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकड्यांपुरता मर्यादित नाही.

आता बंदीच्या मागणीकडे वळू. कॅलिफोर्नियातील बर्कली या डाव्या विचारांच्या शहरात नोव्हेंबर १९८२ मध्ये नागरिकांनी सार्वमत घेऊन झटक्यांवर बंदी घातली. काही आठवड्यांतच न्यायालयाने ती रोखली. परंतु लक्षात घेण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. पन्नासच्या दशकात अमेरिकेतील सरकारी मनोरुग्णालयांत गरिबांना हे झटके सर्रास, आणि कधी कधी शिक्षा म्हणूनही, दिले जात. लोकक्षोभानंतर सरकारी रुग्णालयांनी त्यांतून अंग काढून घेतले. ऐंशीच्या दशकात तेथे झटके मिळत ते मुख्यतः खासगी रुग्णालयांत, विमा असलेल्या गोऱ्या रुग्णांना. जो उपचार गरिबांवर लादला जात होता, तो श्रीमंतांसाठी राखून ठेवलेला झाला! त्यातही प्रतीचा भेद राहिलाच. २००४ साली न्यूयॉर्क परिसरातील सात रुग्णालयांची पाहणी प्रसिद्ध झाली, तेव्हा पूर्ण गुण येण्याचे प्रमाण ३० ते ४७ टक्केच निघाले. नामवंत संशोधन-केंद्रांचे आकडे याहून पुष्कळ वरचे असत.

भारतात प्रश्नाचे रूप निराळे आहे. येथे वाद झाला तो भुलेचा. भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध देऊन झटके देण्याची पद्धत १९५० च्या दशकापासून जगात रूढ होत गेली, कारण त्याविना आक्षेपाच्या जोराने मणक्यांची हाडे मोडत. आपल्याकडे मात्र एकविसावे शतक उजाडले तरी कित्येक रुग्णालयांत रुग्णाला शुद्धीत असतानाच झटके दिले जात. ऑगस्ट २००१ मध्ये तमिळनाडूतील एरवाडी येथे साखळदंडांनी बांधलेले मनोरुग्ण आगीत जळून मेले. त्याच वर्षी ‘सार्थक’ या संस्थेने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. तिच्या मागण्यांत भुलेविना झटक्यांवरील बंदीही होती. पुण्याच्या बापू ट्रस्टच्या भार्गवी दावर यांनीही या प्रथेविरुद्ध वर्षानुवर्षे आवाज उठवला. त्यावर काही मनोविकारतज्ज्ञांचे उत्तर होते की, भूलतज्ज्ञ दुर्मीळ आणि महाग आहेत. भुलेचा आग्रह धराल तर गरिबाला उपचारच मिळणार नाही.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने या युक्तिवादापाशी थांबले पाहिजे. भूलतज्ज्ञाची टंचाई दुष्काळासारखी आकाशातून पडलेली नव्हती. त्याच शहरात हाडांच्या आणि पोटाच्या शस्त्रक्रियांना भूलतज्ज्ञ मिळत होते. मनोरुग्णाला ते मिळत नव्हते, कारण अंदाजपत्रकात त्याच्या नावापुढे रक्कमच लिहिलेली नव्हती, आणि ती लिहावी म्हणून ओरडणारा मतदारही नव्हता. ‘याला येरवड्याला पाठवा’ असे थट्टेने म्हणणाऱ्या समाजाला तेथे गेलेल्या माणसाच्या मणक्याची चिंता कोठून असणार!

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने हा वाद निकालात काढला. स्नायू शिथिल करणारे औषध आणि भूल यांविना झटके देण्यास मनाई झाली. तातडीचा उपचार म्हणून ते देता येत नाहीत. अल्पवयीन रुग्णाला पालकाची संमती आणि पुनर्विलोकन मंडळाची पूर्वपरवानगी असल्याशिवाय ते देता येत नाहीत. आपल्यावर कोणते उपचार व्हावेत वा होऊ नयेत हे आधीच लिहून ठेवण्याचा हक्क रुग्णाला मिळाला, तसाच सरकारी सेवेतून मानसिक उपचार मिळण्याचाही.

परंतु कायद्याने भूलतज्ज्ञ नेमला जात नाही. तो नेमला जातो अंदाजपत्रकाने. नेमणूक झाली नाही, तर भूल देणे बंधनकारक करणारे हेच कलम गरिबाच्या बाबतीत बंदीचे कलम ठरेल. पैसेवाला खासगी रुग्णालयात भुलेसह उपचार घेईल. शेतमजुराची बायको अन्नपाणी सोडून खाटेवर पडून राहील, आणि तिच्यावर अन्याय झाला असे कोणाला वाटणारही नाही, कारण तिला कोणी झटके दिलेले नसतील. अमेरिकेत लोकक्षोभाने जे घडले, ते येथे कंजूषीने घडेल.

म्हणून कार्यकर्त्यांपुढील काम ‘झटके बंद करा’ या घोषणेहून अवघड आहे. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांत आणि जिल्ह्याच्या रुग्णालयांत भूलतज्ज्ञाची किती पदे मंजूर आहेत व किती भरलेली आहेत, हे माहितीच्या अधिकारात विचारता येते. संमतीपत्र रुग्णाला समजेल अशा मराठीत आहे काय, त्यात विस्मरणाचा धोका स्पष्ट लिहिलेला आहे काय, हे पाहता येते. उपचारापूर्वी आणि नंतर स्मृतीची तपासणी होते काय, घरी गेल्यावर औषधे गावाजवळच्या आरोग्य केंद्रात मिळतात काय, हे विचारता येते. ‘नको’ म्हणणाऱ्या रुग्णाच्या पाठीशी मंडळापुढे उभे राहता येते. आणि ‘हवे’ म्हणणाऱ्याच्या पाठीशीही.

रोमच्या स्थानकावर सापडलेल्या त्या माणसाला कोणीच काही विचारले नव्हते. बंदी घालणारेही रुग्णाला विचारत नाहीत. त्याला विचारले जावे, आणि त्याचे उत्तर ‘होय’ असेल तर खाटेशेजारी भूलतज्ज्ञ हजर असावा, एवढ्यासाठी झगडणे हे आपले काम आहे.