उलटतपासणीने मला काय शिकवलं

मित्रमैत्रिणींनो, आज मला बोलवलं ते 'मुस्लिम तरुण आणि कायदा' या विषयावर. कलमांची यादी तुम्हाला मोबाइलवरही मिळेल. म्हणून मी माझ्या कॉलेजमधल्या एका स्पर्धेची गोष्ट सांगणार आहे. त्या स्पर्धेत आम्ही हरलो होतो.

लॉ कॉलेजला मूट कोर्ट असतं, हे तुम्ही ऐकलं असेल. बार कौन्सिलच्या 2008 च्या नियमांनुसार ते अभ्यासक्रमाचाच भाग आहे. मूटमध्ये बहुधा अपिलातला कायद्याचा मुद्दा मांडायचा असतो, तिथे साक्षीदार नसतात. अभिरूप खटल्याचं तसं नाही. तिथे फाईल मिळते. त्यात फिर्याद, जबाब, पंचनामा असतो. संघातले काही जण वकील होतात, काही साक्षीदार. सरतपासणी होते, उलटतपासणी होते आणि समोर बसलेले परीक्षक गुण देतात. कोणती बाजू मिळणार हे चिठ्ठी ठरवते.

आमची फाईल 2019 च्या तलाकविषयीच्या कायद्याखालची होती. नवऱ्याने फोनवरून एका दमात तीन तलाक दिल्याची बायकोची फिर्याद. नवऱ्याचं म्हणणं, मी असं काही बोललोच नाही. फाईल हातात पडताच संघातला एक मित्र म्हणाला, "फिर्यादीची बाजू तू घे. तुमच्यातलीच केस आहे, परिणाम होईल." त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. तरी मला ते टोचलं. चोरीची फाईल आली असती तर त्याला 'तुमच्यातली' कोण म्हणालं असतं?

चिठ्ठीत आम्हाला बचाव पक्ष आला. म्हणजे मी नवऱ्याची वकील. फिर्यादी बाईची उलटतपासणी मीच घ्यायची होती.

घरी सांगितलं तेव्हा अम्मी गप्प झाली. कारण आमच्या घरात खाला राहते. वीस वर्षांपूर्वी तिला तलाक पोस्टाने आला. नंतर जमातीचे चार बुजुर्ग आमच्या अंगणात खुर्च्या टाकून बसले. खाला आत, पडद्यामागे. तासाभरात मेहर आणि भांडीकुंडी यांचा हिशेब झाला, चहा झाला, सगळे उठले.

पण सरावासाठी साक्षीदार व्हायला खालाच तयार झाली. शिलाई मशीनवरून न उठता म्हणाली, "पूछ, क्या पूछना है."

मी फाईल उघडली. उलटतपासणीत सूचक प्रश्न विचारता येतात, म्हणजे उत्तर 'हो' किंवा 'नाही' एवढंच यावं असे. मी विचारलं, "त्या दिवशी घरात तुमच्याशिवाय कुणी नव्हतं, बरोबर?" खाला सांगू लागली. वार कोणता होता, चुलीवर काय होतं, पोस्टमन दारात किती वेळ थांबला. मी म्हटलं, "खाला, हे फाईलमध्ये नाही." ती म्हणाली, "हौ, कैसा रहेगा? कोई लिख के लियाच नै."

स्पर्धा पुण्यात होती. सुरुवात चांगली झाली. फिर्यादीबाई म्हणत होत्या फोन रात्री आला, त्यांचा भाऊ म्हणत होता दुपारी. ही विसंगती मी नीट बाहेर काढली. परीक्षक लिहून घेत होते. तिथेच मी बसायला हवं होतं. पण मला वाटलं आणखी एक घाव घालावा. विचारलं, "मग तीन दिवस तुम्ही तक्रार का केली नाही?"

उलटतपासणीत 'का' विचारू नये, हा पहिला धडा. मी तो विसरले.

समोरची मुलगी शांतपणे म्हणाली, "जमातीतल्या वडीलधाऱ्यांनी थांबायला सांगितलं होतं. ते आपसात ठरवणार होते. मला कुणी बोलावलं नाही."

हे तिने मनचं सांगितलं नव्हतं. भावाच्या जबाबात शेवटच्या परिच्छेदात ते होतं. मी तो जबाब दहा वेळा वाचला होता. तरीही ती ओळ मला दिसली नाही, कारण आमच्याकडे असंच होतं. वडीलधारे बसतात, ठरवतात. माझ्या डोळ्यांना त्यात विचारण्यासारखं काही वाटलंच नाही. समोरच्या संघात एकही मुस्लिम नव्हतं, त्यांना मात्र ती ओळ दिसली. आणि मी पडद्यामागे बसलेल्या खालाच्या घरातली मुलगी! आजही मला सलते ती हार नव्हे, ही गोष्ट सलते.

तयारीत मी एक निकाल वाचला होता, तो त्या रात्री परत वाचला. दगडू पठाण विरुद्ध रहीमबी. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठातल्या पूर्णपीठाने 2002 मध्ये दिलेला. नवऱ्याने नुसतं 'मी तलाक दिला' असं तोंडी म्हटलं किंवा कोर्टात लिहून दिलं म्हणजे तलाक सिद्ध होत नाही. त्यामागे योग्य कारण होतं, आधी समेटाचा प्रयत्न झाला, हे त्याला पुराव्याने दाखवावं लागतं. रहीमबी कुणी मोठी बाई नव्हती, आपल्यातलीच. पण तिने तिचं म्हणणं कागदावर आणलं. 2019 च्या कायद्यातल्या तीन वर्षांच्या शिक्षेवर आपल्यात मतभेद आहेत, असू द्यात. पण त्याच कायद्यात आरोपीला जामीन देण्याआधी मॅजिस्ट्रेटला त्या स्त्रीचं म्हणणं ऐकावं लागतं. जे आमच्या अंगणात झालं नाही, ते तिथे सक्तीचं आहे.

आता तुम्ही म्हणाल, मुसलमानांचं तरी कोण ऐकून घेतं? खरं आहे. नाव ऐकून खोली नाकारलेली मुलं इथे बसलेली आहेत. आधी ठरवायचं आणि नंतर विचारायचं, किंवा विचारायचंच नाही, हा अन्याय आपल्याला चांगला ठाऊक आहे. 1897 मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांना आधी जामीन नाकारला गेला होता. तो न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींनी दिला. आरोपी कोण, सरकार कोणाचं, यापेक्षा अर्जात काय म्हटलंय ते त्यांनी पाहिलं. ही आपलीही परंपरा आहे. बाहेरच्यांकडून आपण जे मागतो, ते घरातल्या बाईला, मोहल्ल्यातल्या बदनाम मुलाला, व्हॉट्सॲपवर ज्याची चर्चा चालली आहे त्यालाही द्यावं लागेल.

म्हणून दोन कामं सांगते. एक, कायद्याचे विद्यार्थी नसलात तरी अभिरूप खटला करून बघा. सात-आठ जण पुरतात. एक साधी फाईल बनवा, चिठ्ठ्या टाका, आणि दुसऱ्या दिवशी बाजू बदला. ज्याचा राग येतो त्याचीच वकिली करा. त्याचं सगळं पटणार नाही, पण त्याची फाईल शेवटच्या ओळीपर्यंत वाचावी लागेल. दोन, 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रीला मोफत वकील मिळतो, तिला उत्पन्नाची अट नाही. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. ती कुठे बसते ते आधीच बघून ठेवा. वेळ आली की शोधाशोधीत दिवस जातात.

घरी आल्यावर खालाने विचारलं, "निकाल काय लागला?" मी सांगितलं, हरलो. ती म्हणाली, "तुमचं नाही गं. त्या बाईचं काय झालं?"

मी म्हटलं, स्पर्धेत तिचा निकाल लागत नाही, वकिलांना गुण मिळतात.

खाला पुन्हा मशीनकडे वळली. मी वही काढली आणि तिच्या शेजारी बसले. पोस्टमन आला त्या दिवसापासून तिने सांगायला सुरुवात केली, आणि मी लिहून घेतलं.