पहिला ट्रक घेताना इंजिन पारखून घ्या

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कोरडवाहू शेतीत भागत नाही म्हणून गावोगावची पोरं ट्रक घ्यायच्या मागे लागली आहेत. कापूस जिनिंगवर न्यायचा, ज्वारी बाजार समितीत टाकायची, येताना खताची पोती भरून आणायची. बेत चांगला आहे. आपला माल दुसऱ्याच्या गाडीतून जातो, तोवर भाडे तोच ठरवणार.

पण ट्रकचा हप्ता पावसाची वाट बघत नाही. समजा हप्ता महिन्याला तीस हजार आहे. म्हणजे रोजचे हजार रुपये, गाडी चालो की उभी राहो. ऐन कापसाच्या हंगामात इंजिन बसले आणि गाडी वीस दिवस गॅरेजला राहिली, तर वीस हजार हप्त्याचे गेले, दुरुस्ती वेगळी आणि बुडालेले भाडे वेगळे. दोन-तीन हप्ते थकले की फायनान्सवाला गाडी ओढून नेतो. पहिला भरणा करायला ज्याने दोन एकर विकले, त्याची गाडीही गेली आणि शेतही गेले.

म्हणून आज इंजिनावर बोलतो. मी शेतकी कॉलेजात शिकलेला माणूस, मिस्त्री नव्हे. पण तुम्ही बैल घेताना दात बघता, खूर बघता, औताला जुंपून बघता. रंगावर आणि शिंगांवर पैसे मोजत नाही. इथेही तेवढीच अक्कल लागते.

पहिला प्रश्न, ओढायचे काय? सुटा कापूस म्हणजे जागा खाणारा माल. गाडी शिगोशीग दिसते, पण वजन भरलेले नसते. कडब्याचेही तेच. ज्वारीची आणि खताची पोती मात्र वजनाला भारी. रोज घाट चढून दूरच्या खेपा करायच्या असतील तर मोठे इंजिन हवे. तालुका ते जिनिंग एवढेच करायचे असेल, तर मोठ्या ट्रेलरच्या ताकदीचे इंजिन घेऊन डिझेल कशाला जाळायचे?

दुसरा प्रश्न, दुरुस्त कोण करणार? इंजिन मूळचे भक्कम असते तसे ते भोवतालच्या मिस्त्र्यांमुळेही भरवशाचे होते. टाटाचे ६९७ इंजिन घ्या. सहा सिलिंडर आणि ९७ मिलिमीटरचा बोअर, म्हणून ६९७. टाटा आणि डेमलर-बेंझ यांचा करार १९५४ चा, त्या घराण्यातले हे इंजिन. हायवेवरच्या जुन्या मिस्त्र्यांना त्याचा नट न् नट पाठ. पुढे १९९३ मध्ये टाटा-कमिन्स कंपनी निघाली आणि ५.९ लिटरचे कमिन्स इंजिन ट्रकांत बसू लागले. तेही दमाचे. पण त्याच्या ब्लॉकला वेगळे लायनर नसतात. ते झिजले की ब्लॉक बोअर करून मोठे पिस्टन टाकावे लागतात किंवा स्लीव्ह बसवावी लागते, आणि हे काम चांगल्या मशीन शॉपमध्येच होते. तेव्हा गाडी ठरवण्याआधी तालुक्याला जा. त्या इंजिनाचे सुटे भाग कुठे मिळतात, किती दिवसांत मिळतात आणि ते खोलणारे हात किती, हे विचारा. जे इंजिन दोनशे किलोमीटरवरच उघडते, ते आपल्या कामाचे नाही.

तिसरी गोष्ट, जुनी गाडी पारखायची कशी? सकाळी लवकर आणि न कळवता जा. बोनेटला हात लावा. इंजिन आधीच गरम असेल तर काहीतरी लपवले आहे असे समजा. थंड इंजिन सेल्फवर किती वेळात उठते ते बघा. धुराचा रंग बघा. निळा धूर राहिला तर ऑइल जळते आहे. काळा म्हणजे डिझेल पुरते जळत नाही, नोझल, पंप किंवा हवेच्या फिल्टरची तक्रार. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर पाणी आत जात असेल. चालू इंजिनाचे ऑइलचे झाकण काढा. भकाभक वाफ आली तर बॅक कॉम्प्रेशन आहे, रिंगा आणि बोअर झिजले. ऑइल ताकासारखे दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे, तिथून उठा. मग भरल्या गाडीने चढ चढवून बघा आणि नजर ऑइल प्रेशर व तापमानाच्या काट्यावर ठेवा. सोबत आपला मिस्त्री न्या, विकणाऱ्याचा नव्हे.

चौथी गोष्ट नव्या गाड्यांची. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ लागू झाले. ही इंजिने धूर कमी करतात, पण त्यांना शिस्त लागते. त्यांत डिझेलचा दाब हवेच्या दाबाच्या हजार पटींहून जास्त असतो. शेतातल्या गंजक्या ड्रममधले, पाणी आणि कचरा असलेले डिझेल विहिरीवरच्या पंपाच्या इंजिनाने पचवले असेल, हे पचवणार नाही. इंजेक्टर जातील. सायलेन्सरच्या बाजूला काजळी धरणारा फिल्टर असतो, त्यासाठी कमी राखेचे ऑइल लागते. ट्रॅक्टरच्या डब्यातले उरलेले ऑइल त्यात ओतू नका.

मोठ्या बीएस-६ ट्रकांना डीईएफ नावाचे द्रावण लागते. त्यात ३२.५ टक्के युरिया असतो. हे ऐकून कोणी म्हणेल, युरियाचे पोते तर घरात आहे! ते बादलीत विरघळवून टाकीत ओतू नका. २०१५ पासून आपल्या खताच्या युरियावर निंबोळी तेलाचा लेप असतो, शिवाय त्यात बाययुरेट जास्त असते. डीईएफचा युरिया शुद्ध असतो आणि पाणी क्षार काढलेले असते. खताचा युरिया आणि बोअरचे पाणी टाकले की नोझल चोंदते, कॅटलिस्ट निकामी होते आणि इंजिन स्वतःहून ताकद कमी करते. शंभर रुपये वाचवायला जाल आणि हजारोंचे बिल येईल. रेडिएटरचेही तसेच. बोअरच्या क्षाराच्या पाण्याने आत खपली धरते आणि आपल्या उन्हाळ्यात इंजिन तापते. तिथे कूलंटच घाला.

आता तुम्ही विचाराल, जुने बरे की नवे? नव्याला वॉरंटी असते पण हप्ता मोठा. जुने स्वस्त पडते पण पदरी काय आले ते पारखावे लागते. ज्याच्या जवळ कंपनीचे सर्व्हिस सेंटर आहे आणि वर्षभर भाड्याची खात्री आहे, त्याने नव्याचा विचार करावा. ज्याला फक्त चार-पाच महिन्यांचा हंगाम आहे, त्याने साधे, मिस्त्र्यांच्या ओळखीचे आणि चांगले राखलेले इंजिन बघावे. दोघांनीही दुरुस्तीचे पैसे पहिल्या खेपेपासून बाजूला टाकावेत. बँकेतला हप्ता जसा ठरलेला, तसा इंजिनाचाही हप्ता ठरलेला समजा.

गाडी घ्यायला निघालेल्या पोरांना घरच्यांनी आधी एवढेच विचारावे: इंजिन कोणते, खोलणार कोण, सामान मिळणार कुठे आणि महिनाभर गाडी उभी राहिली तर हप्ता भरणार कशातून? चारही उत्तरे मिळाली तर खुशाल नारळ फोडा. एकही अडले तर सातबारा पेटीतच राहू द्या.