'लाईन' गेली, लागली, बदलली, मारली : एका शब्दाचे किती अर्थ?

(भाग ऐकायला वेळ नसेल तर हे त्याचं शब्दांकन. बोलतो तसंच लिहिलंय, सांभाळून घ्या.)

कानात हेडफोन आहेत ना? मग आधी ही पाच वाक्यं ऐका.

'आज हार्बर लाईन बंद आहे.'
'रिक्षाला केवढी लाईन आहे!'
'गावाला रात्रभर लाईन नव्हती.'
'इंजिनिअरिंग केलं आणि लाईन बदलली.'
'तो तिच्यावर लाईन मारतो.'

शब्द एकच, लाईन. पण पहिल्या वाक्यात ती रेल्वे, दुसऱ्यात रांग, तिसऱ्यात वीज, चौथ्यात करिअर आणि पाचव्यात... ते काय, तुम्हाला माहितीच आहे. गंमत म्हणजे ऐकताना आपला एकदाही गोंधळ होत नाही. का होत नाही? आजचा भाग त्यावरच.

आधी थोडं मूळ बघू. इंग्रजी 'लाईन' आला लॅटिनमधल्या 'लिनेआ'वरून, म्हणजे लिननचा दोरा. आणि लिनन निघतं कशापासून? जवसाच्या झाडापासून! हो, तेच जवस, ज्याची चटणी आपण भाकरीबरोबर खातो. दोरा ताणला की सरळ रेघ मिळते. गवंडी आजही ओळंबा आणि दोरी घेऊनच भिंत सरळ करतो. दोऱ्याची झाली रेघ, रेघेची झाली रांग, रांगेचा झाला मार्ग. लाईन आणि लिनन, शब्दांच्या घरात या सख्ख्या बहिणी.

आता पनवेल स्टेशनवर या. आपल्याकडे लाईनींची कमी नाही. १९९८ मध्ये बेलापूरच्या पुढे लोकल पनवेलपर्यंत आली आणि हार्बर लाईनचं शेवटचं टोक आपण झालो. त्याच वर्षी २६ जानेवारीला कोकण रेल्वेचा मार्ग पूर्ण सुरू झाला. ठाण्याला जाणारी ट्रान्स-हार्बर आहे, दिव्याची आहे, कर्जतची आहे. इथे 'कुठल्या लाईनला राहतोस?' हा प्रश्न म्हणजे पत्ताच विचारणं. घर कुठे, भाडं किती, सकाळी किती वाजता उठत असशील, सगळं त्या एका उत्तरात कळतं.

रेल्वेनेच आपल्याला आणखी एक शब्द दिलाय, 'लाईन क्लिअर'. पुढच्या स्टेशनने 'लाईन क्लिअर' दिल्याशिवाय मागच्या स्टेशनवरून गाडी सोडत नाहीत. रुळांवरचा हा शब्द घरात कसा आला बघा. उशिरा परतलेला मुलगा भावाला हळूच मेसेज करतो, 'लाईन क्लिअर आहे का?' म्हणजे बाबा झोपले का!

पण प्रत्येक लाईन रुळांची नसते हं. मरीन लाईन्स स्टेशन घ्या. वेस्टर्न लाईनवर आहे म्हणून नाव लाईन्स, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. तिथे ब्रिटिशांच्या मरीन बटालियनची वस्ती होती. फौजेच्या राहण्याच्या ओळीने बांधलेल्या बराकींना 'लाईन्स' म्हणत. आपली 'पोलीस लाईन' त्याच घराण्यातली. नागपूरची सिव्हिल लाईन्स म्हणजे तशीच, पण मुलकी साहेबलोकांची वस्ती.

आणि आपल्या जुन्या पनवेलमध्ये काय आहे? लाईन आळी! पत्त्यात रोज लिहितो, पण कधी थांबून विचार केलाय? 'आळी' म्हणजे मुळातच ओळ, घरांची रांग. दीपावली म्हणजे दिव्यांची ओळ, त्यातलाच हा प्रकार. म्हणजे लाईन आळी या नावात अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी, आणि दोन्हींचा अर्थ जवळपास एकच. ओळीची ओळ! अजून कोणालाही ते खटकलेलं नाही, आणि खटकूही नये.

आता वीज. पनवेलला आपण म्हणतो 'लाईट गेली'. पण कळंबोली, कामोठ्यात मराठवाड्याकडून, विदर्भाकडून आलेले रूममेट असतील तर ते म्हणतात 'लाईन गेली'. दोन्ही बरोबर. आपलं लक्ष दिव्याकडे, त्यांचं तारेकडे. खांबावर चढतो तो लाईनमन, म्हणून तारेतून येते ती लाईन. शेतात तर हा शब्द आणखी जड होतो. पुष्कळ ठिकाणी शेतीची वीज पाळीने येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. 'या आठवड्यात रात्रीची लाईन आहे' हे वाक्य फोनवर ऐकलं, तर समजा की तुमचे काका किंवा वडील मध्यरात्री बॅटरी घेऊन पाणी द्यायला निघालेत. साप आहे, चिखल आहे, काही भागांत बिबट्या आहे. शहरात कोणी 'लाईन' म्हटलं की हसू येतं, पण त्या माणसाच्या तोंडी त्या शब्दात रात्रीची झोप आणि जीव दोन्ही असतात.

बरं, मग गोंधळ का होत नाही? उत्तर आहे क्रियापद. लाईन *लागते* ती रांग. लाईन *जाते-येते* ती वीज. लाईन *बदलतो* ते करिअर, किंवा लोकल. पोरगा वाईट लाईनला *लागतो* तेव्हा ती संगत. कोणाला लाईनीवर *आणतो* म्हणजे वठणीवर आणतो. शब्द इंग्रजीतून आला, पण अर्थ ठरवतात आपली मराठी क्रियापदं. शिवाय आपण त्याला स्त्रीलिंगी केलं, 'ती लाईन'. अनेकवचन केलं, 'लाईनी'. विभक्ती लावली, 'लाईनीत उभा राहा'. इंग्रजाला विचारा 'लाईनीत' म्हणजे काय, बिचारा बघत राहील. म्हणून कोणी म्हणालं की इंग्रजी शब्द घुसल्याने मराठी बिघडली, तर त्याला एवढंच सांगा, ओळ, रांग, रेघ हे शब्द जपायलाच हवेत, पण लाईन आता पाहुणी राहिली नाही, घरातली झालीय.

मात्र एक सावधगिरी. घरातली ही लाईन जशीच्या तशी इंग्रजी मुलाखतीत नेऊ नका. ऑनलाईन मीटिंग वीज गेल्यामुळे तुटली आणि तुम्ही सांगितलं 'लाईन वॉज नॉट देअर', तर समोरचा समजेल फोनची लाईन, नाहीतर रांग. तिथे 'पॉवर कट' म्हणा. 'आय वाँट टू चेंज माय लाईन' ऐवजी 'फील्ड' किंवा 'करिअर' म्हणा. ब्रिटिश क्लायंट असेल तर तो रांगेला 'क्यू' म्हणेल, अमेरिकन 'लाईन' म्हणेल. आणि ईमेलच्या शेवटी कोणी 'ड्रॉप मी अ लाईन' लिहिलं तर घाबरू नका, दोन ओळी लिहून कळव, एवढंच त्याचं म्हणणं. यात लाज वाटायचं कारण नाही. तुमची मराठी लाईन चुकीची नाही, ती दुसऱ्या भाषेतली आहे, इतकंच.

आता शेवटचा अर्थ, मुद्दाम मागे ठेवला होता. लाईन मारणे. इंग्रजीत 'पिक-अप लाईन' म्हणजे ओळख काढायला टाकलेलं वाक्य. तिथे निदान काहीतरी बोलावं तरी लागतं! आपल्याकडे एक शब्द न बोलता, नुसतं बघत राहूनही लाईन मारता येते. आणि याची जोडी आहे, 'तिने लाईन दिली'. इथे पुन्हा क्रियापद बघा. देणं ही देणाऱ्याची कृती. म्हणजे काहीतरी तिने केलं, असं वाक्य सांगतं. प्रत्यक्षात काय झालेलं असतं? ती हसली. मैत्रिणीशी बोलताना हसली. किंवा नोट्स मागितल्या म्हणून दिल्या. त्याने पाहिलं, अर्थ त्याने काढला आणि क्रियापद तिच्या नावावर लिहिलं. मग तीच मुलगी नाही म्हणाली की मित्र म्हणतात, 'आधी लाईन का दिली?'

एका छोट्या क्रियापदाने दोष कसा इकडून तिकडे जातो, कळतंय ना? 'ती हसली' आणि 'तिने लाईन दिली' यांत फार अंतर आहे. नाही म्हटल्यावरही मागे मागे जाणं, परत परत मेसेज टाकणं याला कायद्यात लाईन मारणं म्हणत नाहीत, पाठलाग म्हणतात. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ नुसार तो गुन्हा आहे. आणि कोणी त्रास देत असेल तर त्यासाठीही एक लाईन आहे, हेल्पलाईन. महिलांसाठी १८१, रेल्वे प्रवासात १३९. आत्ताच फोनमध्ये सेव्ह करा, थांबतो मी.

झालं? तर आजचं सार एवढंच. शब्द कुठूनही येवो, त्याला कामाला लावतं आपलं क्रियापद, आणि ते निवडणारे आपण असतो.

तुमच्या गावात लाईनचा आणखी कुठला अर्थ आहे? व्हॉइस नोट पाठवा, चांगल्या नोट्स पुढच्या भागात वाजवू. तोवर रूळ ओलांडू नका, पूल वापरा. भेटूया!