घरबसल्या पदवी, पण देणार कोण?

आमच्या गटातल्या एका ताईंनी कर्ज काढून सुनेच्या बी.ए.साठी १८ हजार भरले. '६ महिन्यांत पदवी' म्हणाले होते! मुख्यसेविकेच्या भरतीत तो कागद बाद झाला. हप्ते मात्र चालूच.

आता कर्ज देण्याआधी आम्ही विचारतो, पदवी कोणतं विद्यापीठ देणार? क्लासवाल्याचं नाव नको. यूजीसी, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोग, बोगस विद्यापीठांची यादी जाहीर करतो. पण यादीत नाव नाही म्हणजे खरंच, असं धरू नका. दूरशिक्षणाच्या अभ्यासक्रमाला आयोगाची वेगळी मान्यता लागते. कॉलेजातल्या पोरीला मोबाईलवर तीही बघायला सांगा. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासूनचं, तिथंही बी.ए.ला निदान ३ वर्षं लागतातच.

ताईंची सून आता तिथंच पहिल्या वर्षाला आहे.