लांडगा आणि कुत्रा

सुप्याच्या माळावर मेंढरें राखणाऱ्या धनगराला लांडगा कोणता व कुत्रा कोणता हें शिकवावें लागत नाहीं. एक कळपावर झडप घालतो, दुसरा कळपाच्या कडेला बसून रात्र जागतो. प्राणिशास्त्रज्ञाची मात्र येथें थोडी पंचाईत होते.

ज्या प्राण्यांचा वंश आपसांत चालतो व इतरांशीं चालत नाहीं, त्यांची एक जाति, अशी व्याख्या अर्न्स्ट मायर या पंडितानें १९४२ सालीं केली. घोडा व गाढव यांना ती चपखल बसते. घोड्याचीं गुणसूत्रें ६४, गाढवाचीं ६२; त्यांचें खेचर ६३ गुणसूत्रें घेऊन जन्मतें, ओझीं वाहतें, आणि बहुतेक निःसंतानच मरतें. लांडगा व कुत्रा यांचीं गुणसूत्रें मात्र सारखींच, ७८. आणि त्यांची मिश्र संतति वांझ नसते. डोंगर वा समुद्र मध्यें येऊन लाखों वर्षें संबंध तुटला, म्हणजे पुढें भेट झाली तरी दोन शाखांचा वंश जुळेलच असें नाहीं. कुत्रा तर जुन्या लांडग्यांचाच वंशज. निदान पंधरा हजार वर्षें तो माणसाजवळ आहे, पण या कामीं एवढा काळ अगदींच थोडा.

मग हे दोघे आजवर वेगळे राहिले कसे? रक्तानें नव्हे, रीतीनें. लांडगी वर्षांतून एकदांच माजावर येते, कुत्री बहुधा दोनदां. लांडगे कुटुंब करून राहतात. परका कुत्रा दिसला तर त्याला बहुधा हुसकतात, नाहीं तर फाडतात. आणि दोघांच्या मध्यें मोकळा माळ असे.

तोच माळ आतां आटला आहे. नीरेच्या डाव्या कालव्यानें बारामतीकडे व उजनीच्या पाण्यानें इंदापूरकडे ऊस आला. त्यानें पुष्कळ घरें सुखी झालीं, त्याबद्दल तक्रार नाहीं; पण गवताच्या जमिनीला 'पडीक' म्हणण्याची आपली संवय कांहीं चांगली नव्हे. १९९७ सालीं झालेलें सुप्याचें मयूरेश्वर अभयारण्य अवघें पांच चौरस किलोमीटरांचें आहे. इंदापूर तालुक्यांत कडबनवाडीसारखे माळ उरले आहेत. भोंवतीं गांवें, उकिरडे आणि मोकाट कुत्रीं वाढलीं. लांडगे थोडे राहिले, म्हणजे स्वजातीचा जोडीदार मिळेनासा होतो, आणि तेथें रीत मोडते.

२०१४ सालीं पुणें जिल्ह्याच्या माळावर पिंगट रंगाचें एक निराळेंच जनावर दिसलें. 'द ग्रासलँड्स ट्रस्ट' आणि बंगळूरच्या दोन संशोधनसंस्था यांच्या अभ्यासकांनीं त्याचीं जनुकें तपासलीं. तें लांडगा व कुत्रा यांचें मिश्रण असल्याचें २०२३ सालीं प्रसिद्ध झालें. भारतांत जनुकांच्या पुराव्यानें सिद्ध झालेलें हें पहिलेंच उदाहरण.

एका जनावराचें एवढें काय, असें कोणी म्हणेल. परंतु भारतीय लांडग्याचा वंश हा जगांतील हयात लांडग्यांच्या अतिप्राचीन शाखांपैकीं एक, असें २०२१ च्या संशोधनांत दिसून आलें; आणि सबंध देशांत त्याची संख्या दोनतीन हजारांच्या आसपास आहे. एवढ्याशा कुळांत परकें रक्त शिरलें, तर तें निवडून बाहेर काढतां येत नाहीं. १९७२ च्या कायद्यानें लांडग्याला पूर्ण संरक्षण दिलें आहे. त्याच्या मिश्र पिलाला काय समजावें? तें लांडग्यांत वाढतें, लांडग्यांसारखी शिकार करतें. म्हणून अभ्यासकांचा भर त्या पिलांवर नाहीं. माळालगतच्या गांवांतील मोकाट कुत्र्यांचें निर्बीजीकरण व लसीकरण आधीं व्हावें, असें ते सांगतात.