मोगऱ्याची रानातली बहीण



तीस वर्षे कविता लिहितो आहे. तीत मोगरा किती वेळा आला असेल याचा हिशेब नाही. सेहऱ्यात मोगरा, दर्ग्यावरच्या चादरीत मोगरा. कुसर मात्र एकदाही आली नाही. कारण साधे आहे, मला ती ओळखताच येत नव्हती. आईला येत होती.

सह्याद्रीच्या घाटात चैत्र-वैशाखात जाळ्यांवर पांढरीशुभ्र फुले दिसतात. आपण म्हणतो, करवंदी फुलली. आई म्हणायची, "पान तोडून बघ रे. चीक आला तर करवंदी, नाही आला तर कुसर." करवंदीचे कूळ निराळे, कण्हेरीचे. कुसर मोगऱ्याच्या कुळातली. शास्त्रीय नाव जास्मिनम मलबारिकम. मोगरा, जाई, जुई, कुंदा ही तिची भावंडे. पारिजातकही त्याच घराण्यातला. आणि ऐकून गंमत वाटेल, ज्याचे तेल आमच्या घरात जपून वापरतात तो जैतूनही! त्या जैतुनाचा जवळचा भाऊ, परजांब, महाबळेश्वरच्या रानात उभा आहे. (रातराणी आणि अनंत यांना मात्र या गोतावळ्यात ओढू नका. एक वांग्या-मिरचीची नातलग, दुसरा कॉफीचा.)

घराण्याची खूण फुलाच्या आत असते. कुसरीच्या फुलाची नळी नखाने उभी चिरा, पुंकेसर दोनच. पारिजातकात दोन, जैतुनातही दोनच. भरगच्च मोगऱ्यात ते शोधू नका. माणसाने पाकळ्या वाढवत नेल्या आणि केसरांच्याच पाकळ्या झाल्या. असा मोगरा सहसा बी धरत नाही, फांदी लावूनच वाढवावा लागतो. वसई-जव्हारकडून दादरच्या फुलबाजारात मोगरा येतो तो असा माणसाच्या हातावर जगणारा. कुसरीला काळी फळे धरतात, पाखरे खातात आणि बी रानभर नेतात. तिला आपली गरज नाही. आपण वाट सोडली तरी पुरे.

आई गेली ती चैत्रात. मी शहरातून मोगऱ्याची चादर घेऊन गेलो. गावाबाहेरच्या वळणावर कुसर फुललेली होती, हे परतताना लक्षात आले. पुढच्या वर्षी रस्ता रुंद झाला आणि जाळीसकट वेल गेला. करवंदांसाठी दोन-चार माणसे हळहळली. कुसरीचे नाव कोणी काढले नाही. ठाऊक असेल तर काढतील ना!

मागच्या पावसाळ्यात वरच्या रानातून एक फांदी आणून अंगणात लावली. पाने धरली आहेत. फूल अजून नाही.