घर कोणाच्या नावे राहणार?



घर उभे करण्यास माणसाचा जन्म खर्ची पडतो. परंतु आपल्या पश्चात ते कोणाचे व्हावे हे लिहून ठेवण्यास त्यास एक दुपार सापडत नाही. मग जो तंटा उभा राहतो, त्यात वृद्ध पत्नी व मुली ह्यांची आबाळ होते.

अमेरिकेतील अनेक राज्यांत ह्यासाठी एक सुटसुटीत दस्त आहे. मिसूरी राज्याने १९८९ साली तो कायद्यात आणला. मालकाने तो हयातीत नोंदवावयाचा. घर मात्र मरेपर्यंत त्याचेच. तो ते विकू शकतो, दस्त रद्दही करू शकतो. मृत्यूनंतर घर दस्तातील व्यक्तीकडे जाते.

आपल्या देशात असा दस्त नाही. गृहनिर्माण संस्थेत नामनिर्देशनाचा अर्ज भरला की तेच काम झाले, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती चुकीची आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमातील २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे, कायदेशीर वारस सभासद होईपर्यंत नामनिर्देशित व्यक्ती तात्पुरती सभासद असते. ती घराची राखणदार होय, मालक नव्हे. अर्जात थोरल्या मुलाचे नाव आहे, एवढ्यावरून आईचा वा बहिणीचा हक्क बुडत नाही.

मालकी ठरते ती मृत्युपत्राने. ते नसेल तर वारसा कायद्याने. आपण बौद्ध झालो, म्हणून १९५६ चा हिंदू उत्तराधिकार अधिनियम आपणांस लागू नाही, असे काहीजण समजतात. परंतु त्याच्या कलम २ मध्ये बौद्धांचा स्पष्ट उल्लेख आहे. पुरुष मृत्युपत्राविना वारल्यास त्याच्या मालमत्तेत विधवा, मुलगे, मुली व आई ह्यांना समान वाटा मिळतो.

कोणी म्हणेल, आजच बक्षीसपत्र करून मोकळे व्हावे. सावध असा! बक्षीसपत्राने मालकी तत्काळ जाते, व सहसा परत येत नाही. मृत्युपत्र मात्र हयातीत केव्हाही बदलता येते.

मृत्युपत्रास मुद्रांक शुल्क लागत नाही. कोऱ्या कागदावर घराचे वर्णन व ज्यास द्यावयाचे त्याचे नाव स्वच्छ लिहावे, स्वतःची सही किंवा अंगठा करावा, आणि दोन साक्षीदारांनी आपल्यासमक्ष सह्या कराव्यात. नोंदणी सक्तीची नाही. तथापि ती केल्यास पुढील वाद कमी होतात. आपल्या मालकीच्या हिश्श्यापुरतेच लिहावे, आणि कागद कोठे ठेवला आहे हे विश्वासातील माणसास सांगावे.

वाचकहो, जिने आपल्याबरोबर ते घर उभारले, तिला उतारवयात त्याच उंबरठ्यावर परकी ठरवू नका. घरी जाल तेव्हा कागद काढा, आणि तिला शेजारी बसवून लिहा.